आठवण दालनात चालते, मग अर्जाला का नाही?

वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी आता टॉवर उभे राहिलेत. २०२५च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या आणि १६० चौरस फुटांच्या खोलीतली माणसं ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. याचा आनंद निखळ मनाने मानावा. संडासाच्या रांगेत ज्यांचा जन्म गेला त्यांच्यापुढे चाळसंस्कृती संपल्याचे उसासे टाकणं, हा चाळीत एक रात्रही न काढलेल्यांचा छंद आहे.

मात्र चाळ पडायला लागली की आठवणी गोळा करणारे येतात. कॉलेजची मुलं येतात, वास्तुकलेचे विद्यार्थी येतात, मंडळांच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकांसाठी 'जुन्याजाणत्यांचं मनोगत' घ्यायला कार्यकर्ते येतात. गिरणगावात, म्हणजे लालबाग-परळच्या गिरणीवस्तीत, हे आता इतकं सवयीचं झालंय की काही म्हाताऱ्यांची उत्तरं पाठ झाली आहेत. गिरणीचा भोंगा, दहीहंडी, भजनी मंडळ, एकाच गाळ्यात पाळीपाळीने झोपणारी वीस-पंचवीस माणसं, आणि 'तेव्हा माणुसकी होती'. मुलं खूश होतात, म्हाताराही खूश होतो. मग एखाद्या शनिवारी प्रदर्शन लागतं. भिंतीवर मागातला आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचा मोठा फोटो, खाली क्यूआर कोड. तो स्कॅन केला की आजोबांचा आवाज.

या उपक्रमांची मला टिंगल करायची नाही. तक्रार वेगळी आहे. ज्या शहराला गिरणी कामगाराची आठवण वारसा म्हणून हवी आहे, त्याच शहराचं सरकार तीच आठवण पुरावा म्हणून पुढे केली की हात झटकतं. आणि आठवणी गोळा करणारे आपण लोक यावर चकार शब्द काढत नाही.

मुद्दा घरांचा आहे. १८५४ साली कावसजी दावरांनी ताडदेवला पहिल्या कापडगिरणीची मुहूर्तमेढ रोवली, तिथपासून १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपापर्यंतचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप आजतागायत रीतसर मागे घेतला गेलेला नाही. पुढे जमिनींचा खेळ झाला. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांची जमीन तीन वाट्यांत विभागायचं ठरवलं होतं: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली दुरुस्ती करून ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती ठेवली गेली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. इमारती जिथे उभ्या होत्या ती जमीन वाटणीतून सुटली. म्हाडाच्या पदरी जे थोडं पडलं त्यावर कामगारांसाठी घरं बांधायला घेतली. घरासाठी दीड लाखाहून जास्त अर्ज आले, आणि आजवर सोडतीत लागलेली घरं पंधरा-सोळा हजारांच्या आसपास. बाकीच्यांना मुंबईबाहेर दूरची शेलू आणि वांगणी दाखवली जाते. त्याविरुद्ध जुलै २०२५मध्ये सत्तरी ओलांडलेली माणसं आझाद मैदानात बसली होती.

अर्ज करायचा तर तुम्ही १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर ठरलेल्या ५८ गिरण्यांपैकी एकीत कामाला होता हे दाखवावं लागतं. त्यासाठी तिकीट नंबर, लाल पास, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, कामगार विम्याचा (ईएसआयसीचा) क्रमांक, सेवेचा दाखला असे कागद लागतात. कायम कामगाराच्या ट्रंकेत यातलं काही ना काही सापडतं. बदलीवाल्याचं काय? तो रोज सकाळी फाटकापाशी उभा राहायचा. कोणी गैरहजर असला तर आत, नाहीतर घरी. गावाकडे आईच्या आजारपणाला महिनाभर गेला तर त्याचं नाव यादीत कितव्या नंबरावर घसरलं हे जॉबरच, म्हणजे खात्याचा मुकादमच, सांगणार. त्यात गिरण्या बंद पडल्या, कचेऱ्या हलल्या, दप्तरांची वाट लागली. कामगार मेला असेल तर वारसाने हे सगळं शोधायचं. तो वारस कधी कधी पाटणजवळच्या वाडीत असतो आणि बापाच्या गिरणीचं पूर्ण नावही त्याला सांगता येत नाही.

अशा वेळी त्याच खात्यात शेजारच्या साच्यावर, म्हणजे मागावर, पंधरा वर्षं उभा राहिलेला माणूस सांगतो की होय, हा होता माझ्याबरोबर. त्याच्या सांगण्याला त्या कागदांच्या यादीत जागा नाही.

करी रोडला एका खोलीत मुलाखत चालू असताना मी कोपऱ्यात बसलो होतो. ज्यांची मुलाखत होती त्या आजी पंचाऐंशीच्या पुढच्या. नवरा गेल्यावर त्यांनी खोलीतच खानावळ काढली होती. गिरणगावात अशा शेकडो बायका होत्या. त्यांच्यातूनच १९७५ साली प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मुलाखत घेणारी मुलगी चुणचुणीत होती, तिने प्रश्न छापून आणले होते. आजींचा मुलगा मध्ये मध्ये 'आई, डांगे आपल्या चाळीत आले होते ते सांग ना' म्हणत होता. आजींना कम्युनिस्ट कामगार पुढारी डांग्यांत रस नव्हता. त्या माणसांचा हिशेब सांगत होत्या. "खटाव मिलची चौघं रातपाळीला, त्यांना भाकऱ्या आधी. मोरारजीचे तिघे, त्यातला एक आमच्या गावचा, तो कायमचा होता. बाकी दोघं बदली. बदलीवाला कोण हे मला सांगायला लागायचं नाही. पगार झाला की कायमवाला सगळे पैसे द्यायचा, बदलीवाला म्हणायचा, मावशी, निम्मे आता घ्या." मग त्यांनी नावं घेतली. आडनावासकट, गावासकट. कोणाचं लग्न कोणत्या साली झालं आणि त्यानंतर त्याने खानावळ सोडून बिऱ्हाड कुठे केलं, इथपर्यंत.

मुलीने ऐकून घेतलं आणि पुढचा छापील प्रश्न विचारला: "आजी, गणपतीत तुमच्याकडे काय काय व्हायचं?"

त्या मुलीला दोष नाही. तिला जी प्रश्नावली दिली होती तिचं शीर्षकच वारशाचा उत्सव करणारं होतं. पण आजी त्या पाच मिनिटांत जे बोलल्या ते अर्ध्या गिरणगावाचं हजेरीपत्रक होतं. कोण कुठल्या गिरणीत, कुठल्या पाळीला, कायम की बदली, कधीपासून कधीपर्यंत. मालकाच्या दप्तरात जे सापडत नाही ते त्या बाईच्या डोक्यात जेवणाच्या ताटांनिशी शाबूत होतं. रेकॉर्डिंगही झालं. पुढे ते संपादित झालं तेव्हा नावांचा भाग 'कंटाळवाणा' म्हणून कापला गेला असेल, याची मला जवळजवळ खात्री आहे.

तोंडी सांगणं पुरावा म्हणून घेता येत नाही, कायद्यात बसत नाही, असं कोणी म्हणेल. याच देशाच्या कायद्यात ते बसलेलं आहे. २००६च्या वनहक्क कायद्याचे नियम पाहा. जंगल जमिनीवरच्या दाव्यासाठी कोणते पुरावे चालतील याची यादी नियम १३ मध्ये आहे, आणि तिच्यात दावेदार सोडून गावातल्या अन्य वडीलधाऱ्यांनी केलेलं, लेखी उतरवून घेतलेलं निवेदन स्पष्टपणे धरलं आहे. हा काही उदारपणाचा झटका नव्हता. आदिवासींकडे कागद नव्हते, कारण कागद तयार करणारं सरकार त्यांना त्या जमिनीवर अतिक्रमण करणारे समजत होतं. ज्याने कागद द्यायचा त्यानेच दिला नाही, तर नसलेल्या कागदाची शिक्षा दुसऱ्याला का, एवढा साधा न्याय त्यामागे होता. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला तो याच कायद्याने. नियमात एक अटही आहे: एकट्या पुराव्यावर भागत नाही, एकाहून अधिक प्रकारचे पुरावे पाहावे लागतात. म्हणजे म्हाताऱ्याचं सांगणं चालतं, पण त्याला जोड लागते.

बदली कामगाराची गोष्ट यापेक्षा वेगळी कुठे आहे? कागद मालकाने करायचा होता. त्याने केला नाही, किंवा केला आणि हरवला.

अडचणी आहेत, त्या झाकायच्या नाहीत. पहिली, दलालांची. घराच्या आशेवर पैसे उकळणारे गिरणगावात आधीच आहेत. तोंडी साक्ष चालते म्हटलं की साक्षीदार विकत मिळू लागतील. होईल असं. पण बनावट कागदही मिळतात, आणि त्यावर उपाय म्हणून कोणी कागदच बंद करा म्हणत नाही, छाननी कडक करा म्हणतात. साक्षीला जोड मागा. गिरणगावात ती मिळते. गावकरी मंडळांच्या खोल्यांत वर्गणीच्या वह्या होत्या, काही अजून आहेत. कोकणात आणि साताऱ्याकडे कित्येक देवळांच्या भिंतीवर संगमरवरी पाट्या आहेत: 'मुंबईकर ग्रामस्थ मंडळ', खाली देणगीदारांची नावं आणि साल. मुंबईहून मनीऑर्डरी कोणाच्या घरी येत होत्या हे अख्ख्या वाडीला ठाऊक असतं. खानावळवाल्या आजी, वर्गणीची वही आणि देवळाची पाटी, या तिघांनी एकच नाव सांगितलं तर तो माणूस गिरणीत होता यावर शंका घ्यायला फार जिद्द लागेल.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. स्मृती चुकते. मौखिक इतिहासाच्या अभ्यासकांत इटलीतल्या तेर्नी गावाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण पोलाद कामगार १७ मार्च १९४९ रोजी नाटोविरोधी मोर्चात पोलिसांच्या हातून मारला गेला. पण गावातले कित्येक कामगार त्याचा मृत्यू १९५३ साली, कारखान्यातल्या मोठ्या कपातीविरुद्धच्या लढ्यात झाला असं छातीठोकपणे सांगत. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने ही चूक दुरुस्त करून सोडून दिली नाही, ती का झाली हे विचारलं. लोकांच्या मनात कपात हा सगळ्यात मोठा घाव होता, म्हणून सगळ्यात मोठा बळी त्यांनी तिथे नेऊन ठेवला. अर्थ लावणाऱ्यासाठी हे सोनं आहे. पण साक्ष म्हणून? चार वर्षांची चूक घराच्या अर्जात माणसाला बाद करील.

मला वाटतं इथे विचारण्याचं कसब कामी येतं, आणि त्यासाठी गिरणगाव ओळखीचं असावं लागतं. म्हाताऱ्या माणसाला 'कोणत्या साली लागलात' विचारलं की तो गोंधळतो, अंदाजाने काहीतरी ठोकून देतो. पण पाटण-कराडकडच्या माणसाला 'कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कुठे होता' विचारा. तो चटकन सांगेल की रातपाळी होती, सकाळी गावची बातमी आली, जॉबर सुट्टी देईना. ११ डिसेंबर १९६७. माणदेशातल्याला दुष्काळ विचारा, म्हणजे १९७२. एकाहत्तरच्या लढाईत खिडक्यांना काळे कागद लावले होते, तेव्हा कोणत्या गिरणीत होता? बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली त्या दिवशी कामावर होता की दादर चौपाटीवर? अशा खुंट्या ठोकत गेलं की माणसाच्या नोकरीचा काळ बऱ्यापैकी पक्का करता येतो. प्रश्नावली छापणाऱ्यांनी या तारखांची एक पट्टी मुलांच्या हाती दिली, तर 'चाळीतल्या गमतीजमती'पेक्षा तिचा उपयोग मोठा होईल.

आता ज्यावर भांडण होईल त्या गोष्टीकडे येतो. आठवण साक्ष म्हणून घ्यायची ठरवली की ती निवडून घेता येत नाही. उत्सवात निवडता येते, म्हणून तर उत्सव सोपा. गिरणगावाच्या बहुतेक दालनांत तुम्हाला लाल बावटा दिसेल, शाहिरांचे डफ दिसतील, संयुक्त महाराष्ट्राचे हुतात्मे दिसतील. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, अस्पृश्यांना घेत नसत हे क्वचितच दिसेल. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा, आणि दुसऱ्याची थुंकी लागलेल्या त्या धोट्याला दलिताचं तोंड लागू नये म्हणून जास्त पगाराचं ते खातं त्यांना बंद होतं. १९२८-२९च्या संपांच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला होता. प्रदर्शनाच्या भिंतीवर लावलेला तो देखणा धोटा हा त्या गोष्टीचा सगळ्यात जवळचा साक्षीदार आहे, आणि खाली ओळ लिहिलेली असते 'कामगार एकजुटीचं प्रतीक'.

बायकांचंही तसंच. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांत एक बाई होती. बाळंतपणाच्या रजेचा कायदा १९२९ साली आला, रातपाळीची बंदी होतीच, आणि मालकांना बायका महाग वाटू लागल्या. युनियनवाल्यांनीही फार ताणलं नाही. संपाच्या काळापर्यंत गिरणीत बाई अपवादाने उरली. आपल्या आठवणींत मात्र ती पहिल्यापासून दारात डबा घेऊन उभी असते.

आणि १९७४. त्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल उसळली. दलित पँथर एका बाजूला, शिवसैनिक आणि सवर्ण शेजारी दुसऱ्या बाजूला, पोलीस मध्ये आणि बऱ्याचदा मध्ये नाहीत. १० जानेवारीच्या पँथरच्या मोर्चात भागवत जाधव मारला गेला. चौकशीसाठी न्या. भस्मे आयोग बसला. ज्यांनी एकमेकांवर दगड आणि बाटल्या फेकल्या, त्यांच्यातले काही अजून हयात आहेत आणि आता त्यांना एकाच टॉवरमध्ये घरं लागताहेत. वारशाचा उपक्रम करणाऱ्यांना मी यावर छेडलं की उत्तर येतं, 'नको हो, आता सगळे गुण्यागोविंदाने राहतात.' राहतात, खरं आहे. पण कोणत्या चाळीची माणसं कोणत्या चाळीत जायला घाबरत होती, हे विचारायचं नसेल तर त्या इमारतींचा इतिहास लिहायच्या भानगडीत पडू नये.

बाकी संपात कामावर गेलेल्यांचं तर कोणी नावच घेत नाही. तेही कामगार होते. त्यांच्यातले काही पोरांच्या फीसाठी गेले, काही धाकापोटी, काही पैशापोटी. त्यांना विचारणारा मला अजून भेटलेला नाही.

हे सगळं बोलतं करणं सोपं नाही, आणि बोलणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागू शकते. म्हणून सांगणाऱ्याचा हक्क आधी ठरवायला हवा. त्याने म्हटलं की हा भाग माझ्या मृत्यूनंतर उघडा, तर तसं. म्हटलं की नाव बदला, तर बदला. म्हटलं की हे माझ्या घराच्या अर्जाला जोडा, तर सही-शिक्क्याची प्रत त्याच्या हातात दिली पाहिजे. आज बहुतेक उपक्रमांत तो एका कागदावर सही करतो आणि त्याचा आवाज कायमचा संस्थेचा होतो. संस्थेचं अनुदान संपलं की हार्ड डिस्क कपाटात जाते.

चांगलं काम आपल्याकडे झालेलं आहे, परदेशाकडे पाहायची गरज नाही. जात्यावरच्या ओव्या गोळा करताना हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी एक लाखाहून जास्त ओव्या नोंदवल्या, आणि ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव ठेवलं. ती 'एक ग्रामीण स्त्री' राहिली नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून काढून त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा चळवळीच्या लिखित इतिहासात त्या बायका जवळजवळ नव्हत्याच. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांचे शब्द २००४ साली ग्रंथरूपात आणले, तेव्हा गिरण्यांच्या जमिनींचा लढा ऐन भरात होता. तिन्ही ठिकाणी ऐकणारे कोणाच्या तरी बाजूने उभे होते, आणि त्यामुळे त्यांचं ऐकणं पातळ झालं नाही.

संपात विशीत असलेला कामगार आज साठी ओलांडून पुढे गेलाय, तिशीतला सत्तरीच्या पुढे. त्यातले कित्येक मुंबईत नाहीत. ते चिपळूण, राजापूर, पाटण, आजरा इथे आहेत. लालबाग-परळमध्ये रेकॉर्डर फिरवून गिरणगावाचा इतिहास पुरा होणार नाही, एसटीने जावं लागेल. म्हाडाने छाननीत सहकाऱ्याच्या निवेदनासाठी एक रकाना उघडावा, जोडपुराव्याची अट घालावी, आणि निवेदन नोंदवून घ्यायचं काम तहसील पातळीवर ठेवावं. त्यासाठी नवा कायदा नको, शासन निर्णय पुरेल. तो निघेल तेव्हा निघेल. कॉलेजांना मात्र त्याची वाट पाहायची गरज नाही. पुढच्या उपक्रमाच्या प्रश्नावलीत गणपतीच्या वर एवढं छापावं: तुमच्याबरोबर त्याच खात्यात, त्याच पाळीला कोण कोण होतं, ते कुठल्या गावचे, आणि त्यांचं कोणी आज कुठे भेटेल?